एक दिवस, एक संग्रहालय : ज्येष्ठांसाठी मुंबईची सहल

सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला घरातील मंडळी अनेक ठिकाणी नेतात. लग्नाला नेतात, देवदर्शनाला नेतात, तपासण्यांसाठी रुग्णालयात नेतात. या सर्व ठिकाणी कोठे थांबायचे, किती वेळ थांबायचे आणि काय पाहायचे, हे बहुधा इतर कोणीतरी ठरवलेले असते. माझ्याकडे गुडघेदुखी आणि उच्च रक्तदाबासाठी नियमित येणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक निवृत्त चित्रकला शिक्षिका एकदा म्हणाल्या, "डॉक्टर, मुले मला सगळीकडे नेतात हो, पण मला काय पाहायचे आहे, हे कोणी विचारत नाही." त्यांना मुंबईच्या संग्रहालयातील लघुचित्रे पुन्हा एकदा डोळे भरून पाहायची होती. विद्यार्थिनी असताना त्यांनी ती पाहिली होती. मुलांना मात्र त्यांच्या गुडघ्यांची, वारंवार लघवीला जावे लागण्याची आणि मुंबईच्या गर्दीची धास्ती होती. ती धास्ती अनाठायी नव्हती. परंतु यातील प्रत्येक अडचणीला उपाय होता, आणि तो उपाय औषधापेक्षा नियोजनात अधिक होता.

या लेखात त्याच नियोजनाचा विचार करावयाचा आहे. उदाहरणासाठी मुंबई निवडली आहे, कारण महाराष्ट्राच्या बहुतेक भागांतून तेथे थेट रेल्वेने जाता येते आणि पाहण्याजोगी संग्रहालये परस्परांपासून फार दूर नाहीत. येथे सांगितलेली तत्त्वे पुणे, कोल्हापूर, नागपूर किंवा अन्य कोणत्याही शहराला तशीच लागू पडतील.

संग्रहालयच का?

इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे ६,७०० व्यक्तींचा १४ वर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. संग्रहालये, कलादालने, नाटक, संगीताच्या मैफली अशा ठिकाणी काही महिन्यांतून एकदा तरी जाणाऱ्या व्यक्तींमध्ये मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३१ टक्के कमी आढळला. वर्षातून एकदा-दोनदा जाणाऱ्यांमध्येही तो सुमारे १४ टक्के कमी होता. हा संबंध निरीक्षणातून दिसलेला आहे; संग्रहालय पाहिल्यामुळेच आयुष्य वाढते, असा त्याचा अर्थ काढता येत नाही. मुळात जे धडधाकट, सुस्थितीतील आणि माणसांत मिसळणारे असतात, तेच अधिक बाहेर पडतात. संशोधकांनी या गोष्टींचा हिशेब केल्यावरही काही फरक शिल्लक राहिला, एवढेच म्हणता येईल. कॅनडातील माँट्रियल शहरात २०१८ पासून डॉक्टर रुग्णांना तेथील कलासंग्रहालयाची भेट औषधाप्रमाणे चिठ्ठीवर लिहून देऊ लागले, ही नोंदही लक्षणीय आहे.

आकडेवारी बाजूला ठेवली तरी एक गोष्ट मला रोजच्या अनुभवातून दिसते. उतारवयात दिवसांचे वेगळेपण पुसट होत जाते. एखादी तारीख ठरली, तिची तयारी सुरू झाली आणि त्या विषयावर घरात बोलणे होऊ लागले, की भूक, झोप आणि उत्साह या तिन्हींत फरक पडतो. शिवाय संग्रहालयात छप्पर असते, सपाट फरशी असते, बहुधा बसावयास बाक आणि जवळ स्वच्छतागृह असते. गड, घाट किंवा यात्रेच्या गर्दीपेक्षा ही जागा वृद्ध शरीराला अधिक मानवते.

संग्रहालयातील थकवा

तरीही संग्रहालय थकवते. बेंजामिन आइव्ह्ज गिलमन या अमेरिकी अभ्यासकाने १९१६ साली याच विषयावर लेख लिहिला. काचेच्या कपाटांतील वस्तू नीट पाहण्यासाठी प्रेक्षकाला किती वाकावे, मान वळवावी आणि ताटकळावे लागते, हे त्याने छायाचित्रांसह दाखवले होते. शंभरहून अधिक वर्षांनंतरही त्यातील निरीक्षण खरे आहे.

सलग चालताना पोटऱ्यांचे स्नायू पायांतील रक्त वर ढकलत राहतात. संग्रहालयात मात्र आपण दोन पावले चालतो आणि पाच मिनिटे उभे राहतो. रक्त पायांत साचते, पाय जड होतात. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना अशा वेळी घेरीही येऊ शकते. ज्यांच्या कण्यातील मज्जारज्जूची पोकळी अरुंद झाली आहे, त्यांच्या पायांत उभे राहिल्याने मुंग्या आणि वेदना सुरू होतात; बसल्यावर किंवा किंचित पुढे वाकल्यावर आराम पडतो. म्हणून 'रोज सकाळी अर्धा तास फिरतो, मग संग्रहालयात काय अडचण?' हा हिशेब चुकतो.

यावर साधा नियम असा : पंधरा मिनिटे पाहावे, पाच मिनिटे बसावे. थकवा जाणवण्याची वाट न पाहता बसावे. एकूण अवधी दीड ते दोन तासांपेक्षा अधिक नसावा, आणि दिवसाला एकच संग्रहालय असावे. संपूर्ण वास्तू पालथी घालण्याचा हट्ट सोडून दोन-तीन दालने आधीच निवडावीत. निवड ज्येष्ठांनी करावी. इतरांनी ती निमूटपणे मान्य करावी.

निघण्यापूर्वी तीन आठवडे घरी तालीम करावी. एखाद्या मोठ्या दुकानात किंवा जवळच्या स्थानिक संग्रहालयात तासभर थांबत-बसत फिरून पाहावे. पाय किती वेळाने दुखतात, लघवीला किती वेळाने जावे लागते, जिना किती चढवतो, हे वहीत लिहावे. सहलीचे वेळापत्रक या नोंदींवरून आखावे.

काय पाहावे?

फोर्ट भागातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हा सहलीचा मुख्य दिवस ठरावा. या वास्तूची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी झाली. वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचीच रचना. इमारत पूर्ण झाल्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून झाला, आणि १० जानेवारी १९२२ रोजी ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. तळमजल्यावरील शिल्पदालन, मीरपूरखास येथील स्तूपातून आलेल्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती, निमरूद येथील प्राचीन असिरियन राजप्रासादातील शिलापट, आणि भारतीय लघुचित्रे यांतून आवडीप्रमाणे दोन गोष्टी निवडाव्यात.

येथे मोठी तात्पुरती प्रदर्शनेही भरतात. २०१७-१८ मध्ये 'भारत आणि जग' या विषयावरील, तर २०२३-२४ मध्ये भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पांचे प्रदर्शन झाले होते. अशा प्रदर्शनाचे निमित्त सहलीला उपयोगी पडते, कारण त्याला शेवटची तारीख असते आणि 'पुढे कधीतरी जाऊ' हे लांबत नाही. मात्र पहिला आणि शेवटचा आठवडा, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या टाळाव्यात. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना त्या गोंगाटाचा विशेष त्रास होतो. त्यासाठी आठवड्याच्या मधल्या दिवशी, दार उघडण्याच्या वेळी पोहोचणे उत्तम.

दुसरे स्थळ भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते भाऊ दाजी, १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील वैद्य होते. कुष्ठरोगावर कडूकवठाच्या तेलाचा उपचार त्यांनी करून पाहिला. अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचनही केले. या संग्रहालयाच्या आरंभकाळातील अभिरक्षक जॉर्ज बर्डवुड हेही पेशाने डॉक्टरच. आरोग्य आणि संस्कृती यांची फारकत त्या पिढीला मान्य नव्हती, असेच म्हणावे लागेल. येथील मातीच्या छोट्या प्रतिकृती, नकाशे आणि जुन्या मुंबईच्या लोकजीवनाची दृश्ये ज्येष्ठांना विशेष भावतात. त्यांतील अनेक वस्तू त्यांनी आजोळी वापरात पाहिलेल्या असतात. नातवंडे सोबत असतील तर त्यांनी बागेतील पेंग्विन पाहावेत. आजी-आजोबांनी तेवढा वेळ सावलीत बसावे.

घारापुरीच्या लेण्यांचा आग्रह अनेक कुटुंबे धरतात. बोटीचा सुमारे तासाभराचा प्रवास, हलत्या बोटीतून चढ-उतार आणि नंतर सुमारे १२० पायऱ्या, हे गणित हृदयविकार, गुडघ्यांचा संधिवात किंवा तोल जाण्याची तक्रार असलेल्यांसाठी जमणारे नाही. त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले, तो हत्ती आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो फुटला. पुढे तुकडे जोडून तो पुन्हा उभारण्यात आला. घारापुरीची काही शिल्पे फोर्टच्या संग्रहालयातही आहेत. बोटीत पाय न ठेवता घारापुरीचा एवढा अंश पाहता येतो.

तीन दिवसांचा आराखडा

भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि राणीची बाग बुधवारी, तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि घारापुरी सोमवारी बंद असते. हे ध्यानात घेता बुधवारी पोहोचून शुक्रवारी परतणे सोयीचे पडते. तरीही निघण्यापूर्वी दूरध्वनी करून उघडण्याचे दिवस, उद्वाहक म्हणजे लिफ्ट सुरू आहे का, चाकाची खुर्ची मिळेल का आणि स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे, या चार गोष्टी विचाराव्यात.

बुधवार : दुपारपर्यंत पोहोचावे, जेवावे, झोपावे. सायंकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर अर्धा तास बसावे. आणखी काही करू नये.

गुरुवार : सकाळी नेहमीच्या वेळी न्याहारी आणि औषधे. फोर्टचे संग्रहालय उघडताच आत जावे, साडेबाराच्या सुमारास बाहेर पडावे. जेवण आणि दोन तास विश्रांती. संध्याकाळी तरतरी असेल तर टॅक्सीतूनच राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहावे. या परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या मोटारीत बसूनही उत्तम दिसतात.

शुक्रवार : सकाळी भायखळा, दुपारी विश्रांती, मग परतीचा प्रवास.

मुक्काम फोर्ट, कुलाबा किंवा चर्चगेट परिसरात असावा. उपनगरातील नातेवाइकांकडे राहिल्यास खर्च वाचतो. पण रोज तीन तास रस्त्यात जातात आणि उत्साह तेथेच संपतो. खोलीसाठी लिफ्ट, कमोड आणि स्नानगृहात धरण्यासाठी आधार हवा. रात्री स्नानगृहाचा दिवा चालू ठेवावा. अनोळखी जागेत रात्री लघवीला उठताना पडणे, हा सहलीतील सर्वांत मोठा धोका आहे. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम.

शरीराचे वेळापत्रक

लघवी : प्रवासात जावे लागू नये म्हणून पाणी बंद करणारे असंख्य ज्येष्ठ मी पाहतो. त्यामुळे रक्तदाब उतरतो, लघवीची जळजळ सुरू होते, बद्धकोष्ठता वाढते. पाणी नेहमीइतकेच प्यावे. संग्रहालयात शिरताच स्वच्छतागृह पाहून ठेवावे आणि दर दीड-दोन तासांनी गरज नसली तरी जाऊन यावे. लघवी वाढवणाऱ्या गोळीचा, उदाहरणार्थ फ्युरोसेमाइडचा, परिणाम सुमारे सहा तास राहतो. ती परस्पर बंद करू नये. सकाळऐवजी दुपारी परतल्यावर घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी सर्दीच्या किंवा गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांनी लघवी अडकू शकते.

साखर : इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ टळू देऊ नये. थरथर, घाम, गोंधळ जाणवताच जागीच बसून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. इन्सुलिन बर्फाला थेट चिकटवून किंवा उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये.

डोळे : साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. लघुचित्रे, कागद आणि वस्त्रे यांचे रंग टिकावेत म्हणून त्या दालनांत प्रकाश मुद्दाम मंद, साधारण ५० लक्स ठेवतात. म्हणून उजेडातून आत आल्यावर दोन-तीन मिनिटे दाराशीच थांबावे. दूर-जवळचा एकत्र चष्मा लावून जिना उतरताना पायरी अस्पष्ट दिसते. तेव्हा मान खाली करून पाहावे आणि कठडा सोडू नये.

पाय : नवी पादत्राणे सहलीत घालू नयेत. टाच बांधलेली, न घसरणारी, महिनाभर वापरलेली असावीत. मधुमेहींनी रात्री तळपाय उजेडात तपासावेत किंवा सोबतच्या व्यक्तीकडून तपासून घ्यावेत. रेल्वेचा प्रवास चार तासांहून अधिक असेल तर दर तासाला घोटे वर-खाली हलवावेत आणि शक्य असल्यास डब्यातच दोन फेऱ्या माराव्यात.

जवळच्या पिशवीत हे असावे

• दोन दिवस पुरतील इतकी जादा औषधे, मूळ वेष्टनासह
• आजार, औषधे, ॲलर्जी आणि घरचा दूरध्वनी लिहिलेला कागद, ज्येष्ठांच्या स्वतःच्या खिशात
• साखर किंवा ग्लुकोज, पाणी, खाकरा किंवा राजगिऱ्याची वडी
• अंतर्वस्त्रांचा एक जोड. गरज असल्यास प्रौढांचे डायपर
• काठी, हलकी शाल, श्रवणयंत्राचे जादा सेल

कोणी तूर्त थांबावे?

नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, छातीतील दुखणे अलीकडे वाढले असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, उठताना वारंवार घेरी येत असेल किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची औषधे सुरू असतील, तर आपल्या डॉक्टरांच्या अनुमतीशिवाय निघू नये. सहलीत छातीत दाब, अचानक धाप, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही घडल्यास 'थोडे बरे वाटते का पाहू' असे न म्हणता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

काळजी घेणाऱ्यांसाठी

चाकाची खुर्ची घेणे म्हणजे हार मानणे, असे अनेक ज्येष्ठांना वाटते. त्यांना सांगावे की खुर्ची अंतर कापण्यासाठी आहे. आवडत्या चित्रासमोर उठून उभे राहण्याची शक्ती त्यामुळे शिल्लक राहते. खुर्ची ढकलताना त्यांना विचारून थांबवावी आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून ती वस्तू दिसते का, हे एकदा स्वतः वाकून पाहावे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला प्रश्नोत्तरे नकोत. 'हे काय आहे, ओळखा' असे विचारण्यापेक्षा 'हा रंग तुमच्या जुन्या साडीसारखा दिसतो ना' असे म्हणावे. चार वाजेपर्यंत खोलीवर परतावे, कारण सायंकाळी त्यांचा गोंधळ आणि अस्वस्थता वाढते. मुक्कामी जाणे जमणार नसेल तर गावातील संग्रहालयाची एक सकाळ पुरेशी आहे.

आणि स्वतःकडेही पाहावे. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारी सून, मुलगी किंवा वृद्ध पतीला सांभाळणारी वृद्ध पत्नी सहलीतही औषधांच्या डब्याशी बांधलेली राहते. शक्य असल्यास तिसरी व्यक्ती सोबत घ्यावी. एकाने ज्येष्ठांजवळ बाकावर बसावे, दुसऱ्याने तासभर एकट्याने वरची दालने पाहावीत; मग अदलाबदल करावी. हा तास नियोजनात लिहूनच ठेवावा, अन्यथा तो मिळत नाही.

आरंभी उल्लेख केलेल्या बाईंची लघवी वाढवणारी गोळी आम्ही दुपारच्या वेळेवर नेली, तालीम करून घेतली आणि कन्येने चाकाची खुर्ची आधी सांगून ठेवली. त्यांनी दोन तासांत एकच दालन पाहिले. पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा रक्तदाबाची वही उघडण्याआधी त्यांनी हाताने काढलेली तीन रेखाटने माझ्यासमोर ठेवली.

आपल्या घरातील ज्येष्ठांना या आठवड्यात एवढेच विचारावे : तुम्हाला काय पाहायचे आहे? उत्तर लगेच येणार नाही, कारण हा प्रश्न ऐकण्याची त्यांना सवय राहिलेली नसते. दोन दिवस थांबून पुन्हा विचारावे.